‘झेपत नाही’ म्हणजे ‘नको’ नव्हे



दिवाळी नुकतीच सरली होती. मोर्शीच्या रस्त्यांवरून आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या गाड्या जायला लागल्या होत्या आणि गावातल्या बहुतेक बायका कुणी कापूस वेचायला, कुणी संत्री निवडायला बाहेर पडलेल्या होत्या. अशा ऐन कामाच्या दिवशी एक आजी रोजी पाडून घरी थांबली होती, कारण मी फोटो काढायला येणार होते. बालसंगोपन योजनेच्या अर्जासोबत मुलांना सांभाळणाऱ्या माणसाचा, मुलांसह, घरासमोर उभं राहून काढलेला फोटो जोडावा लागतो. नातू आठवीत, नात पाचवीत. तिघं दारासमोर उभी राहिली. आजीनं वळणीवरचे कपडे घाईघाईनं ओढून घेतले, नातीच्या केसांवरून ओला हात फिरवला. मी मोबाईल वर धरला आणि आजीनं विचारलं,

"ताई, हासू का नाई?"

मला आधी गंमत वाटली. म्हटलं, हसा की. तर ती म्हणाली, "नाई, मी हासली तं साहेब म्हनतीन, हिले काय कमी हाय. अन् नाई हासली तं म्हनतीन, इच्याजवय लेकरं सुखात नाईत."

यावर मी काय सांगणार होते? इतकी वर्षं बायकांच्या प्रश्नांवर काम करते आहे, शिबिरं घेते आहे, भाषणं करते आहे. पण मदत मागणाऱ्या बाईनं चेहरा कसा ठेवायचा, हा प्रश्न कुणी इतका नेमका माझ्यासमोर ठेवला नव्हता. गरज दिसली पाहिजे, पण असमर्थता दिसता कामा नये. गरज दिसली नाही तर पैसे मिळणार नाहीत आणि असमर्थता दिसली तर मुलं जातील. या दोन्हींच्या मधल्या अरुंद बांधावरून ही बाई चार वर्षं चालते आहे.

तिचा मुलगा चार वर्षांपूर्वी गेला. कर्ज होतं, पिणंही होतं. प्रकरण ‘अपात्र’ ठरलं. विदर्भातल्या वाचकांना या शब्दाचा अर्थ सांगायला नको. शेतकरी आत्महत्येचं प्रकरण पात्र ठरलं तर वर्षानुवर्षं एक लाखाची मदत मिळत आली, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. अपात्र ठरलं तर तेही नाही. सून वर्षभर थांबली, मग माहेरी गेली. तिथे तिचं दुसरं लग्न लावून दिलं. नव्या घराला बाई हवी होती, तिची मुलं नको होती. आजी सुनेबद्दल एक शब्द वाईट बोलत नाही. "अठ्ठावीस वर्साची होती ते. तिनं काय कराव?" एवढंच म्हणते. आपल्या चळवळीच्या कितीतरी ठरावांपेक्षा मला हे वाक्य मोठं वाटतं.

मैत्रिणींनो, अशी घरं आपल्या प्रत्येकीच्या गल्लीत आहेत. आईबाप गेले, किंवा दोघांपैकी एक गेलं, एकानं टाकलं, एक तुरुंगात आहे, एक दुर्धर आजारानं अंथरुणाला खिळलं आहे. आणि मूल आजीकडे, मावशीकडे, आत्याकडे, मामीकडे वाढतं आहे. त्या बाईला कुणी विचारलेलं नसतं. तेराव्याच्या दिवशी सगळे नातेवाईक उठून जातात आणि मूल जिच्या पदराला धरून बसलेलं असतं, तिचं ते होतं. एवढाच काय तो ठराव.

जगात याला फॉस्टर केअर म्हणतात. आपल्या २०१५च्या बाल न्याय कायद्यातही ही तरतूद आहे. बालकल्याण समितीच्या आदेशानं नात्याबाहेरच्या कुटुंबानं एखादं मूल काही काळासाठी आपल्या घरी वाढवायचं. हे दत्तक नव्हे. मुलाचं नाव, त्याचं गाव, त्याचे आईबाप यांच्याशी असलेलं नातं तुटत नाही. घर तेवढं दुसरं असतं. याच कायद्यानं एक तत्त्वही सांगितलं आहे की, मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना याच विचारानं चालते. मूल संस्थेत न पाठवता कुटुंबात वाढावं, म्हणून ती कुटुंबाला दरमहा मदत देते. कागदावर ती अनाथ मुलांसाठी आहे, एकच पालक असलेल्यांसाठी आहे, घटस्फोटित आणि टाकलेल्या बायकांच्या मुलांसाठी आहे. पण आपल्या भागात मी पाहिलेली जवळजवळ सगळी मुलं नात्यातच वाढताहेत, आणि ‘कुटुंब’ म्हणून जे काही कागदावर लिहिलेलं असतं, ते प्रत्यक्षात एक बाई असते.

आता मला माझ्या एका चुकीबद्दल सांगायचं आहे. हे संपादकीय खरं म्हणजे त्या चुकीपोटीच लिहिते आहे.

२०१९ सालची गोष्ट. संत्री निवडायला जाणारी एक बाई आमच्याकडे आली. तिची धाकटी बहीण बाळंतपणात गेली होती, मेहुणा कुठे निघून गेला त्याचा पत्ता नव्हता, आणि बहिणीची दहा वर्षांची मुलगी तिच्याकडे होती. स्वतःची तीन. नवरा कधी कामावर, कधी नाही. ती म्हणाली, "ताई, मले झेपत नाई." मी तिचं सगळं ऐकून घेतलं, असं मला तेव्हा वाटलं होतं. पंधरा दिवसांत धावपळ करून मी त्या मुलीची दुसऱ्या तालुक्यातल्या एका वसतिगृहात सोय लावली. राहणं, जेवण, शाळा, सगळं. मावशीनं मान हलवली. मुलगी गाडीत बसताना रडली नाही, मागे वळून पाहिलंही नाही. मला वाटलं, समजूतदार पोर आहे. घरी येऊन मी समाधानानं जेवले.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली आणि राज्यभरातली वसतिगृहं रिकामी करण्यात आली. मुलांना घरी पाठवलं गेलं. ज्यांना घर नव्हतं त्यांचं काय, हा विचार करायला कुणाला वेळ नव्हता. ही मुलगी आपली पत्र्याची पेटी घेऊन मावशीच्या दारात उभी राहिली. तेव्हा मावशीची रोजी बंद, नवऱ्याचं काम बंद, घरात सहा तोंडं झालेली. मावशीनं पेटी आत घेतली. मुलगी आजही तिथेच आहे आणि यंदा बारावीला पोचते की नाही याची चिंता मावशीच करते आहे.

काही महिन्यांनी मी घाबरत घाबरत तिच्याकडे गेले. विचारलं, तेव्हा झेपत नव्हतं, मग आता या दिवसांत कसं झेपवलंत? ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तवाबी झेपत नोतं, आताबी झेपत नाई. झेपते म्हनून लेकरू थोडंच ठेवते कोनी?" आणि मग जरा थांबून, "मी तुमाले झेपत नाई म्हनली होती. नोको थोडीच म्हनली होती."

त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. ‘झेपत नाही’ असं ती म्हणाली आणि मी ‘नको’ असं ऐकलं. तिला हात हवा होता, मी ओझंच उचलून नेलं. आणि ते ओझं नव्हतं, तिच्या बहिणीची मुलगी होती. त्या मुलीनं तर याहून वाईट ऐकलं असणार. तिला वाटलं मावशीनंच आपल्याला काढलं. परत आल्यावर वर्षभर ती मावशीला ‘जेवायला काय आहे’ एवढंही विचारत नसे, ताटात येईल ते खात असे. हे मला मावशीनं नाही सांगितलं, शेजारणीनं सांगितलं.

त्या वेळी बालसंगोपनाचे महिन्याला ४२५ रुपये मिळत. म्हणजे दिवसाला चौदा रुपये. तेवढी मदत मिळवून दिली असती, आठवड्यातून एकदा घरी डोकावले असते, मुलीच्या शाळेत एक चक्कर टाकली असती, तरी तिची ती दोन वर्षं वाचली असती. मी ते केलं नाही, कारण वसतिगृहात मूल दाखल करणं हे दिसणारं काम आहे. वार्षिक अहवालात त्याची एक ओळ होते. एखाद्या घरी जाऊन चटईवर अर्धा तास बसणं, याची कुठलीच ओळ होत नाही.

माझं हे म्हणणं केवळ भावनेचं आहे असं कुणाला वाटू नये. रुमेनियात चाउशेस्कूची राजवट १९८९मध्ये कोसळली तेव्हा तिथल्या अनाथालयांत मोठ्या संख्येनं मुलं सापडली. खाणंपिणं होतं, छप्पर होतं, पण एका दाईच्या वाट्याला इतकी मुलं की कुणाला उचलून घ्यायला कुणी नाही. पुढे २०००च्या सुमारास बुखारेस्टमध्ये काही अभ्यासकांनी अशा १३६ लहान मुलांपैकी निम्मी मुलं कुटुंबांत वाढायला दिली आणि दोन्ही गटांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धीची वाढ, बोलणं, माणसाशी जवळीक करणं, हे सगळं संस्थेतल्या मुलांपेक्षा चांगलं झालं. आणि जी मुलं जितकी लहान असताना घरात गेली, त्यांचा तितका जास्त फायदा झाला. आपल्या आजीला हे कुणी सांगितलं तर ती म्हणेल, एवढं पाहायला एवढी वर्षं कायले लागली!

आपल्या वऱ्हाडाला तर हे नवं नाही. गाडगेबाबांचा जन्म शेंडगावचा, पण ते वाढले मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, मामाच्या घरी. वडील दारूपायी गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी आली. आज आपण बाबांच्या खराट्याबद्दल बोलतो, कीर्तनाबद्दल बोलतो. पण त्या मामाच्या घरात जे जास्तीचं ताट वाढलं गेलं, ते रोज कुणी वाढलं? त्या घरातल्या मामीचं नाव आपल्यापैकी किती जणींना सांगता येईल? जोतीराव फुल्यांची आई ते तान्हे असतानाच वारली. त्यांना वाढवलं सगुणाबाई क्षीरसागर यांनी, ज्या स्वतः बालविधवा होत्या. पुढे याच जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं आणि एका विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंताला स्वतःचा मुलगा म्हणून वाढवलं. एका आधार नसलेल्या बाईनं एक पोरकं मूल वाढवलं, आणि त्याच्या घरात पुढे दुसऱ्या पोरक्या मुलाला जागा झाली. २०२३पासून बालसंगोपन योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलेलं आहे. नाव योग्यच आहे. पण माझ्या मनात मात्र सगुणाबाईंचंही नाव येतं.

आता पैशाबद्दल. २०२१मध्ये ४२५चे ११०० झाले, २०२३मध्ये २२५०. कोरोनाच्या काळात हेरंब कुलकर्णी आणि कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीतल्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या एकल बायकांचा प्रश्न लावून धरला आणि त्यांच्या मुलांना या योजनेत आणायला जोर लावला. त्याआधी कित्येक तालुक्यांत या योजनेचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्यखाली २०२२च्या नियमांनुसार प्रायोजकत्व आणि फॉस्टर केअरसाठी महिना ४००० रुपयांची तरतूद आहे. प्रायोजकत्वासाठी ग्रामीण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२ हजारांच्या आणि इतरत्र ९६ हजारांच्या आत असावं लागतं. कोणतं मूल कशात बसतं, हे शोधायलाच एक माहितगार बाई सोबत लागते.

२२५० रुपये म्हणजे दिवसाला ७५. चौदाचे पंचाहत्तर झाले, ही लढून मिळवलेली गोष्ट आहे आणि तिचं मोल मी कमी करत नाही. पण हिशोब करून पाहा. एका मुलाचं दोन वेळचं जेवण, कपडे, वह्या, आजारपण, आणि त्यासाठी राबणारी बाई. यातल्या बाईच्या श्रमाला या हिशोबात रकानाच नाही. संस्थेत मूल ठेवायचं तर इमारत लागते, अधीक्षक लागतो, स्वयंपाकी, पहारेकरी लागतो, त्यांचे पगार लागतात. घरी ठेवलं की हे सगळं आजी एकटी करते, आणि त्याला आपण माया म्हणतो. माया आहेच. पण मायेच्या नावाखाली बाईकडून फुकट काम करून घेण्याची आपल्या समाजाची खोड जुनी आहे, आणि सरकार ती मोडायच्या घाईत नाही.

कागदांचं काय सांगू! आजीच्या अर्जाला मुलांचे आणि तिचे आधार, शिधापत्रिका, तलाठ्याकडून नि तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला, मुलाच्या मृत्यूचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, बँकेचं पासबुक आणि तो फोटो. आधारवर नातीच्या नावात एक अक्षर चुकलेलं, त्यासाठी दोन खेपा. सुनेचा ठावठिकाणा आहे, ती हयात आहे, मग मुलं अनाथ कशी, असा प्रश्न एका टेबलावर निघाला. एकदा सगळे कागद घेऊन गेलो, तर साहेब बैठकीला. बालकल्याण समिती बसते जिल्ह्याच्या ठिकाणी, अमरावतीला. मोर्शीहून पन्नासेक किलोमीटर. तिथे जायचं म्हणजे दोन मुलांची शाळा आणि आजीची रोजी, दोन्ही बुडतात. परतताना एसटीत आजी हिशोब करत होती. तीन खेपांत महिनाभराच्या किराण्याची रोजी गेली होती.

असं झालं की बाई अर्ज सोडून देते. मग आपण म्हणतो, लोकांना योजनांची माहिती नसते. आजीला माहिती होती. तिला सोबत नव्हती.

म्हणून आमच्या गटानं या दिवाळीनंतर एक काम हाती घ्यायचं ठरवलं. ठरवताना भांडण झालं, तेही सांगते. आमची एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "हे सरकारचं काम आहे. आपण स्वयंसेवा करत बसलो तर सरकारला बरंच! उद्या म्हणतील, बायकांचे गट आहेत ना, मग कर्मचारी कशाला नेमायचे?" तिचं म्हणणं खोटं नाही. घरात फुकट राबणाऱ्या बाईच्या मदतीला बाहेरून फुकट राबणाऱ्या बायका, ही काही मुक्ती नव्हे. पुष्कळ वेळ कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाली, "आपण हप्त्यासाठी मोर्चा काढूच. पण मोर्चा निघेपर्यंत त्या पोरीला तापात दवाखान्यात कोण नेणार?" आमचं एकमत झालं असं नाही म्हणणार. पण दोन्ही करायचं, असं ठरलं. घरी जायचं आणि कचेरीतही जायचं. घरी न गेलेल्या बाईला कचेरीत काय मागायचं ते कळत नाही, आणि कचेरीत न गेलेली बाई घरी नुसती सहानुभूती घेऊन जाते.

तर पद्धत अशी. एका कार्यकर्तीनं एकच घर घ्यायचं. निदान वर्षभर सोडायचं नाही. महिन्यातून दोनदा जायचं, ठरलेल्या दिवशी जायचं, कारण ज्या मुलाला माणसं अचानक जाताना दिसलेली असतात, त्याला कुणीतरी बोलल्याप्रमाणे येतं, याची सवय व्हावी लागते. गेल्यावर आधी बाईशी बोलायचं, मग मुलाशी. मुलाला आईबापाबद्दल आपणहून विचारायचं नाही. तो सांगेल तेव्हा ऐकायचं. जुने कपडे आणि फराळाचे डबे घेऊन जायचं नाही, आणि फोटो तर अर्जापुरताच. चुलीपाशी नजर फिरवून ‘घरात स्वच्छता बेताचीच’ असले शेरे मनात लिहायचे नाहीत. मागे एकदा घरचौकशीला आलेल्या कुणी शेजाऱ्यांना विचारलं होतं की, ही बाई विधवा, हिच्याकडे येतं-जातं कोण? आपण त्या वळणावर जायचं नाही. आपण तपासणीस नाही, पाहुण्याही नाही. आपण तिच्या सोबतिणी.

पण डोळे मिटूनही बसायचं नाही. नात्यातलं घर म्हणजे सुरक्षितच, असं मानणं ही आपली दुसरी भाबडी समजूत. काकाच्या घरी राहणारी मुलगी शाळेऐवजी दिवसभर भांडी घासते, लहान पोरं सांभाळते, आणि तिला ‘आपलीच आहे’ म्हणतात. पंधरा-सोळाव्या वर्षी ‘जबाबदारी एकदाची उरकली’ म्हणून तिचं लग्न लावतात. काही घरांत याहून वाईटही घडतं, आणि ते करणारा बाहेरचा नसतो. तिथे १०९८ला फोन करायला, समितीपुढे उभं राहायला आपण कचरायचं नाही. अशा मुलीला त्या घरातून काढावंच लागतं. ज्यांना कुणीच नाही, त्यांना संस्था हेच घर होतं. आपल्याच जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी अपंग, बेवारस मुलांना स्वतःचं आडनाव देऊन वाढवलं; २०२४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा माझा विरोध संस्थेला नाही. घर शिल्लक असताना, फक्त थोडा टेकू हवा असताना, मुलाला उचलून संस्थेत ठेवण्याला आहे. कुठे टेकू हवा आणि कुठून सोडवायला हवं, हा फरक वरचेवर घरी जाणाऱ्या बाईलाच कळतो. मला तो २०१९मध्ये कळला नाही, कारण मी त्या मावशीच्या घरी एकदाच गेले होते.

आणखी एक गोष्ट, विशेषतः एकट्या राहणाऱ्या मैत्रिणींसाठी. फॉस्टर केअरमध्ये पूर्वी फक्त जोडप्यांनाच मूल सांभाळता येत असे. २०२४च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार अविवाहित, विधवा, घटस्फोटित माणसालाही हे करता येतं. एकटी बाई मुलगी किंवा मुलगा, दोन्ही सांभाळू शकते. एकट्या पुरुषाला मुलगाच सांभाळता येतो. हे सहा वर्षांवरच्या, ज्यांना दत्तक सहसा कुणी घेत नाही, अशा मुलांसाठी आहे. १९८८मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली, तेव्हा ‘टाकलेली’ बाई मूल वाढवायला लायक आहे, हे लोकांना पटवावं लागत होतं. आज कायदा तिला दुसऱ्याचं मूलही विश्वासानं देतो. समाज अजून तिथे आलेला नाही, पण कागद आला, हेही थोडं नाही.

आमच्या कामाला आता कुठे सुरुवात झाली आहे. पहिलं महिनाभर आम्ही फक्त यादी केली. अंगणवाडीच्या ताई, आशा, शाळेतले गुरुजी यांच्याकडे बसलो. आईबापापैकी कुणी नाही असं मूल कोणाला माहीत नाही, असं एकही गाव निघालं नाही. बाजाराच्या दिवशी या आज्या-मावश्यांना एकत्र बसवलं. पहिला अर्धा तास कुणी बोललं नाही. मग एक आत्या म्हणाली की, भावाचं पोरगं रात्री उठून दाराशी जाऊन बसतं. दुसरी म्हणाली, माझ्याकडचंही. तिसरी म्हणाली, माझी नात उशाशी भाकरी लपवून ठेवते. प्रत्येकीला वाटत होतं की, हे आपल्याच घरात घडतं आहे, आपलंच काही चुकतं आहे. त्या दिवशी आम्ही त्यांना काहीच दिलं नाही, चहासुद्धा त्यांनीच पाजला. उठताना मात्र पुढच्या बाजाराला कुठे बसायचं, ते त्यांनीच ठरवलं.

या बैठकीला ती २०१९ची मावशीही आली होती. मी तिला बोलावलं नव्हतं, धीर झाला नव्हता. ती आपणहून आली आणि शेवटी त्या आत्याशेजारी जाऊन बसली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही.

वरूड, चांदूर बाजार, अचलपूर, तिवसा इकडच्या वाचक मैत्रिणींना माझी विनंती आहे की, आपापल्या गावात असं एक घर शोधा. एकच. देणगी पाठवू नका, आधी जाऊन बसा. कुणी ‘झेपत नाही’ म्हणाली तर लगेच उपाय सांगू नका. काय काय झेपत नाही, ते एकेक विचारा. पैसे, कागद, ताप, अभ्यास, रात्रीची भीती, की नुसतं एकटेपण. त्यातलं आपल्याला काय उचलता येईल ते उचला, आणि जे सरकारनं उचलायला हवं त्याचा अर्ज लिहून तिच्यासोबत टेबलासमोर उभ्या राहा. हप्ता थकला तर तारखेसह लिहून ठेवा; या नोंदी एकत्र करून आपल्याला त्या कचेरीतच जायचं आहे. तुमचे अनुभव, विशेषतः चुकलेले अनुभव, आम्हांला जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यांच्यासाठी जागा राखून ठेवली आहे.

आणि आजीचा फोटो? तिच्या प्रश्नाचं उत्तर मला सुचलंच नाही. मी म्हटलं, आजी, तुम्ही रोज दारात उभ्या राहून पोरांची शाळेतून यायची वाट पाहता ना, तशा उभ्या राहा. ती तशी उभी राहिली. हसली नाही, पण नातीचा हात तिनं घट्ट धरला होता आणि तो फोटोत नीट आला आहे. अर्ज दाखल झाला आहे. अजून मंजुरी नाही. येत्या सोमवारी आम्ही दोघी पुन्हा जाणार आहोत.

तुमची,
संपादक